दमसास आणि भाव

गायनाची चर्चा करताना ‘भाव’ आणि ‘तयारी’ हे शब्द आपण दोन विरोधी पक्षांसारखे वापरतो. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त (१९६१) या द्वंद्वाला स्वर आणि लय असे सैद्धांतिक रूप दिले : किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर मध्यावर तोललेले. संस्थापकाच्या आवाजधर्मातून घराणे घडते, हेही त्यांनी सांगितले होते. पण वाचकांच्या लक्षात राहिला तो आलेखच. गाणाऱ्याचे शरीर मागे पडले.

वस्तुतः त्या ‘तोललेल्या’ घराण्याचा उगम एका शारीरिक आपत्तीत आहे. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज अतिगायनाने गेला. परतला तो पूर्वीचा नव्हता. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, सलग गुंफण त्यांनी रचली. पुढे केसरबाई केरकरांच्या भरदार गळ्यात तीच गुंफण आली, तेव्हा तिला निराळेच ऐश्वर्य लाभले. म्हणजे एकाची तडजोड दुसरीचे वैभव ठरली. अशा तंत्राला ‘भावशून्य कसरत’ म्हणणाऱ्यांनी केसरबाई नीट ऐकल्या असतील, असे वाटत नाही.

कुमार गंधर्वांची (१९२४–१९९२) कथा याच्या उलट दिशेने सांगितली जाते. क्षयाने ग्रासलेले कुमार १९४८ मध्ये देवासला आले. गाणे वर्ज्य होते. अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीते कानांवर येत होती. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत उतरले, तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले होते. त्यांचे आखूड, धारदार स्वरवाक्य आणि मधली शांतता यांचे स्पष्टीकरण मग फुप्फुसात शोधले जाते. ते मला अपुरे वाटते. दम कुठे संपतो, हे फुप्फुस सांगेल. पण तुटलेल्या जागी श्रोत्याचा जीव पुढच्या स्वरासाठी का अडकतो, हे सांगणार नाही. श्वासाची गरज आणि आशयाचा विराम एकाच क्षणी यावेत, अशी वाक्यांची आखणी त्यांना करावी लागली. ही आखणी म्हणजे तंत्रच; आणि निर्गुणी भजनांतली व्याकुळता तिच्यावाचून ऐकूच आली नसती.

कुमारांच्या पश्चात अनुकरण पुष्कळ झाले. दोन्ही फुप्फुसे शाबूत असलेले तरुण गायक नेमके तिथेच तोडतात, आणि पुढच्या श्वासाला मात्र काहीच वाट पाहावी लागत नाही.