अभियंत्याच्या सहीला मोल कसे आले?

आजारी पडलो की आपण डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक निदान पाटीवर तरी वाचतो. पूल ओलांडताना, धरणाच्या पायथ्याशी राहताना किंवा शाळेच्या इमारतीत मुलांना बसवताना मात्र त्या बांधकामाच्या आराखड्यावर कोणाची सही आहे, हे आपण पाहत नाही. पाहिले तरी ती सही योग्य माणसाची आहे की नाही, हे आपल्याला ठरवता येणार नाही. ते ठरवण्यासाठीच अभियंत्यांच्या नोंदणीची पद्धत निर्माण झाली. एका देशात शिकलेला अभियंता दुसऱ्या देशात काम करू लागला तेव्हा हाच प्रश्न अधिक अवघड झाला. आज 'आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंता' म्हणून नोंद होण्यासाठी ज्या अटी आहेत, त्यांच्यामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

कॉफीगृहातील संस्था

१८१८ साली लंडनमधील एका कॉफीगृहात काही तरुण अभियंते जमले आणि त्यांनी 'इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स' ही संस्था स्थापन केली. त्या काळी अभियांत्रिकी ही महाविद्यालयात शिकण्याची विद्या नव्हती. एखाद्या जाणत्या अभियंत्याच्या हाताखाली उमेदवारी करूनच ती शिकावी लागे. १८२० मध्ये थॉमस टेलफर्ड संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. ते स्वतः मूळचे गवंडी होते. १८२८ मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली.

ब्रिटनमध्ये रुजलेली ही रीत अशी, की अभियंत्याची पारख त्याच्याच व्यवसायातील ज्येष्ठांनी करावी. संस्थेचे सभासदत्व हेच त्याचे प्रमाणपत्र. सरकारने यात फारसा हात घातला नाही. अमेरिकेत मात्र निराळा मार्ग निघाला.

वायोमिंगचे नकाशे

वायोमिंग हे अमेरिकेच्या पश्चिमेकडील कमी पावसाचे राज्य. तेथे शेतीसाठी नदीचे पाणी घ्यायचे तर सरकारकडे अर्ज करावा लागे आणि सोबत पाटाचा नकाशा जोडावा लागे. हे नकाशे वकील, नोटरी असे कोणीही काढत आणि खाली 'अभियंता' म्हणून सही ठोकत. मोजणी चुकली की एकाच पाण्यावर दोघांचा हक्क उभा राही. राज्याचे मुख्य अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांना हा घोळ सहन होईना. त्यांच्या प्रयत्नाने १९०७ साली वायोमिंगने कायदा केला, की नोंदणी नसलेल्या माणसाने अभियंता म्हणून काम करू नये. अमेरिकेतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय.

येथे प्रश्न सोपा होता. न शिकलेल्या माणसाला सही करू द्यायची नाही, एवढेच ठरवायचे होते. पण त्याच वर्षी कॅनडात घडलेल्या घटनेने यापेक्षा कठीण प्रश्न पुढे आणला.

क्वेबेकचा पूल

सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक शहराजवळ पोलादी पूल बांधला जात होता. सल्लागार होते न्यूयॉर्कचे थिओडोर कूपर. पूलबांधणीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. दोन खांबांमधील अंतर आधी १,६०० फूट ठरले होते, ते पुढे १,८०० फूट करण्यात आले. अंतर वाढले की पुलाचे स्वतःचे वजनही वाढते. पण ते वजन नव्याने मोजायचे वेळीच झाले नाही. चूक ध्यानात आली तेव्हा बरेचसे पोलाद तयार झाले होते. जादा भार सुरक्षिततेच्या मर्यादेत बसतो, असा निर्णय कूपर यांनी दिला.

सांगाड्याच्या खालच्या बाजूच्या दांड्यांवर प्रचंड दाब येत होता. उभी धरलेली पट्टी वरून दाबली की ती तुटण्याआधी बाजूला वाकते, हे आपण वर्गात दाखवू शकतो. तसेच हे दांडे वाकू लागले. ऑगस्ट १९०७ च्या अखेरीस एका दांड्याचा बाक दोन इंचांच्या वर गेला. कूपर यांचे वय झाले होते, प्रकृती बरी नसे. वरचा सांगाडा उभा राहत असताना ते एकदाही जागेवर आले नव्हते. तेथे त्यांच्या वतीने होता तो नॉर्मन मॅक्लूर हा तरुण अभियंता. काम थांबवण्याचा अधिकार आपला आहे, असे त्याला वाटेना. म्हणून तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी धोका ओळखला आणि आणखी भार चढवू नये अशी तार केली. पण ती तार गेली पेनसिल्व्हेनियातील कंपनीच्या कार्यालयात. क्वेबेकमध्ये काम चालूच राहिले. २९ ऑगस्ट रोजी संध्याकाळी, सुट्टी व्हायला थोडा वेळ उरला असताना, पूल कोसळला. त्यावर ८६ माणसे होती, त्यांतली ७५ मेली. मृतांत मोहॉक या मूळ निवासी जमातीचे तीसहून अधिक कामगार होते.

कूपर अडाणी नव्हते. वायोमिंगच्या कायद्याने त्यांना अडवले नसते. ज्ञान होते, अनुभव होता. मात्र जागेवरील जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नव्हते. पदवी आणि कीर्ती यांपलीकडे अभियंत्याकडून आणखी काही अपेक्षित आहे, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

कॅनडात १९२५ पासून नव्या अभियंत्यांना एका समारंभात प्रतिज्ञा देऊन करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. या प्रतिज्ञेचा मसुदा मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी केला होता. पहिल्या अंगठ्या क्वेबेकच्या कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या, असे सांगतात. ती दंतकथा आहे.

शाळेतील स्फोट

१८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत वायूचा स्फोट झाला. खर्च वाचवण्यासाठी शाळेने तेलविहिरींच्या वायुवाहिनीला जोड घेऊन तेथील टाकाऊ वायू वापरायला सुरुवात केली होती. या वायूला वास नव्हता. तो गळून जमिनीखालच्या पोकळीत साठला आणि विजेच्या यंत्राच्या ठिणगीने पेटला. सुमारे ३०० विद्यार्थी आणि शिक्षक मरण पावले. त्याच वर्षी टेक्सासने अभियंत्यांच्या नोंदणीचा कायदा केला. वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळण्याची सक्तीही याच दुर्घटनेतून आली. आपल्या स्वयंपाकघरातील गॅसला वास येतो तो अशाच द्रव्यामुळे.

पदवीची ओळख, माणसाची ओळख

असे कायदे होत गेले, पण प्रत्येक देशाचा, किंबहुना प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंते मोठ्या संख्येने परदेशी काम करू लागले, तेव्हा दर वेळी नव्याने पारख करणे कठीण झाले. १९८९ साली ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतील संस्थांनी 'वॉशिंग्टन करार' केला. एका देशाच्या संस्थेने तपासून अधिमान्यता दिलेला पदवी अभ्यासक्रम इतरांनी समकक्ष मानावा, हे त्याचे सूत्र.

येथे एक गैरसमज नेहमी होतो. हा करार पदवीला ओळख देतो, माणसाला नाही. माणसाच्या ओळखीसाठी १९९७ पासून निराळी बोलणी सुरू झाली. त्यातून २००१ मध्ये झालेला करार आज 'आंतरराष्ट्रीय व्यावसायिक अभियंता करार' या नावाने ओळखला जातो. त्याच्या मुख्य अटी अशा :

१. अधिमान्य किंवा त्या तोडीचे अभियांत्रिकी शिक्षण;
२. स्वतंत्रपणे काम करण्यास पात्र असल्याचा आपल्या देशातील संस्थेचा निर्वाळा;
३. पदवीनंतर किमान ७ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव;
४. त्यांपैकी किमान २ वर्षे महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतः सांभाळलेली असणे;
५. शिक्षण पुढे चालू ठेवणे.

याखेरीज व्यवसायाची आचारसंहिता पाळण्याचे बंधन आहेच.

ही यादी वाचताना मागचा इतिहास आठवावा. पहिली अट वायोमिंगच्या नकाशांवर उत्तर आहे. दुसरीत लंडनच्या कॉफीगृहातील परंपरा दिसते. आणि चौथी अट वाचली की क्वेबेकला न आलेले कूपर डोळ्यांपुढे येतात. तरीही या नोंदीने दुसऱ्या देशात आपोआप परवाना मिळत नाही. तेथील कायदा लागू राहतो, आणि जादा कसोटी लावण्याचा अधिकार त्या देशाकडे असतो.

आपल्याकडे

'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया)' ही संस्था १९२० मध्ये स्थापन झाली आणि १९३५ मध्ये तिला सनद मिळाली. आंतरराष्ट्रीय करारात भारतातर्फे हीच संस्था आहे. वकिलांसाठी १९६१ चा, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा असे देशव्यापी कायदे झाले. अभियंत्यांसाठी तसा कायदा विसाव्या शतकात झाला नाही. पदवीच्या बाबतीत राष्ट्रीय अधिमान्यता मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि १३ जून २०१४ रोजी भारत वॉशिंग्टन करारात पूर्ण सदस्य म्हणून सामील झाला.

बारावीनंतर अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी यातील दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. एक, अधिमान्यता महाविद्यालयाला सरसकट मिळत नाही. ती एकेका अभ्यासक्रमाला आणि ठरावीक मुदतीपुरती असते. शिवाय मंडळाच्या पहिल्या श्रेणीतील अभ्यासक्रमांनाच वॉशिंग्टन कराराचा लाभ होतो. म्हणून प्रवेशापूर्वी आपल्या शाखेची चौकशी करावी. दोन, पदवी हातात पडली की यादीतील एकच अट पुरी होते. पुढची सात वर्षे आपण कोणाच्या हाताखाली काय शिकतो आणि कोणत्या कामाची जबाबदारी अंगावर घेतो, त्यावर आपल्या सहीचे मोल ठरते.