सोडतीत नसलेले गाव

अमेरिकेच्या व्हिसाची लॉटरी निघते, तीत आपल्या मुलाचे नाव कसे घालावे, हा प्रश्न बीरगांवच्या मराठी घरांतून आम्हांस अनेकदा विचारण्यात आला आहे. कोणाच्या मोबाइलवर 'आपली निवड झाली आहे, अमुक रक्कम भरावी' असा निरोप येतो. कोणी उरला औद्योगिक क्षेत्रातून पाळी संपवून येताना तो निरोप आम्हांस दाखविण्यासाठी थांबतो. उत्तर एका वाक्याचे आहे. या सोडतीत हिंदुस्थानात जन्मलेल्यांस प्रवेश नाही, आणि सोडत सुरू झाली तेव्हापासून तो कधीच नव्हता. परंतु असे का, याचा इतिहास मात्र एका वाक्याचा नाही. आणि त्यात आपल्या मराठी माणसांचाही थोडा भाग असल्याने तो येथे सांगावा असे वाटते.

आपण स्वतः या मुलखात आलो ते कोणतेही कागद न दाखविता. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथे कारभार केला, आणि त्यांच्यामागून मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावली. नागपूर-आसनसोल लोहमार्ग १८९१ मध्ये पुरा झाला, तेव्हा रेल्वेच्या, शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी आणखी माणसे आली. तेव्हा हा सारा प्रदेश मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर होती. भंडाऱ्याहून रायपुरास येणाऱ्यास आपण परप्रांतात चाललो आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मधून सीमा गेली आणि आपण न हलता दूरचे झालो.

अमेरिकेचे दारही एके काळी असेच उघडे होते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या मार्गात अडचणी होत्या त्या समाजाच्या, पैशाच्या आणि प्रकृतीच्या. व्हिसा नावाची वस्तू त्यांच्या वाटेत आलीच नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिकडे गेले, ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले आणि अखेर मेक्सिकोत प्राध्यापक झाले. त्यांच्यामागून दार मिटले. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा 'प्रतिबंधित प्रदेश' ठरविला व त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य नागरिकत्वास अपात्र असल्याचा निर्णय दिला. १९४६ मध्ये दार पुन्हा किलकिले झाले. किती, तर अवघ्या हिंदुस्थानासाठी वर्षाला १०० माणसे! चाळीस कोटींच्या देशास शंभर जागा म्हणजे सोडतीपेक्षाही कठीण प्रकार. पण त्या काळी ती मोठी सवलत मानली गेली.

खरा पालट १९६५ च्या कायद्याने झाला. वंश पाहून वाटा ठरविण्याची पद्धत गेली आणि आपल्या गोलार्धातील प्रत्येक देशास वर्षाला २०,००० पर्यंतची सारखी मर्यादा मिळाली. १९६८ च्या जुलैपासून हा कायदा पुरता अमलात आला. आपले डॉक्टर, इंजिनियर व शास्त्रज्ञ मोठ्या संख्येने गेले ते यानंतर. मात्र या कायद्यात आप्तसंबंध आणि कौशल्य यांना अग्रक्रम असल्यामुळे, ज्यांचे जवळचे नातलग अलीकडे तिकडे गेले नव्हते त्यांची पंचाईत झाली. त्यांत आयरिश लोक प्रमुख होते. त्यांच्या कैवाऱ्यांनी खटपट करून १९८६ च्या कायद्यात 'कमी माणसे येणाऱ्या देशां'साठी काही व्हिसे राखून घेतले. पुढील योजनेत, १९९२ ते १९९४ या तीन वर्षांत, दरसालच्या ४०,००० पैकी चाळीस टक्के आयर्लंडसाठी ठेवले होते. एका माणसाने कितीही अर्ज टाकावेत अशी मुभा असल्याने व्हर्जिनियातील मेरिफिल्डच्या टपालघरात पाकिटांचे अक्षरशः ढीग पडले. १९९० च्या कायद्याने या तात्पुरत्या व्यवस्थेस कायमचे रूप दिले, आणि १९९५ या आर्थिक वर्षापासून 'विविधता व्हिसा' नावाची सोडत सुरू झाली. वर्षाला ५५,००० व्हिसे. पुढे ते सुमारे ५०,००० झाले.

या सोडतीची मेख अशी, की मागील पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० हून अधिक माणसे कायमच्या वास्तव्यास गेली, तो देश वगळला जातो. म्हणजे आपले लोक शिकून, धडपडून तेथे गेले, हीच आपली अपात्रता. शेजारच्या नेपाळातील हजारो तरुण या वाटेने गेले. बांगलादेशही त्यात होता. तेथून जाणाऱ्यांची संख्या वाढल्यावर २०१३ च्या सोडतीपासून तोही वगळला गेला. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, की येथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. मस्कतला नोकरी करणाऱ्या मराठी जोडप्याचा मुलगा तेथे जन्मला असेल तर तो ओमानच्या वाट्यातून अर्ज करू शकला असता. त्याची धाकटी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या आईच्या पोटी रायपुरास जन्मली, तर ती मात्र अपात्र! पासपोर्ट दोघांचाही एकच.

सोडत नाही, तर आपल्या वाट्याला काय आले? रांग. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० व्हिसे, आणि कोणत्याही एका देशास सामान्यतः त्यांतील सात टक्के, म्हणजे ९,८००. दर महिन्याला एक पत्रक निघते आणि त्यात प्रत्येक श्रेणीपुढे एक तारीख छापलेली असते. आपला अर्ज त्या तारखेच्या आधीचा असेल तर आपली पाळी. ती तारीख पुढे सरकते, अडते, प्रसंगी मागेही जाते. २००७ च्या जुलैसाठी नोकरीच्या जवळजवळ सर्व श्रेणी खुल्या झाल्याचे पत्रक निघाले. लोकांनी रजा घेऊन वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जुळविले. आणि २ जुलैस सांगण्यात आले की व्हिसे संपले. तेव्हा आपल्या लोकांनी मोर्चा काढण्याआधी त्या खात्याच्या प्रमुखाकडे शेकडो पुष्पगुच्छ पाठविले. आदल्या वर्षीच्या एका हिंदी चित्रपटाने 'गांधीगिरी' हा शब्द घरोघर पोचविला होता, त्याचा हा परिणाम. प्रमुखांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयास दिली. १७ जुलैस निर्णय फिरला व अर्ज घेण्यात आले. अर्ज घेतले म्हणजे व्हिसा मिळाला असे नव्हे, हे पुढे अनेकांस कळले. २०२५ च्या ऑक्टोबरच्या पत्रकात हिंदुस्थानापुढे दुसऱ्या श्रेणीची तारीख १ एप्रिल २०१३ होती.

पाळी आली की कागद. येथे मात्र बीरगांवचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. आज महानगराला लागून नगर निगम असलेले हे ठिकाण पूर्वी खेडे होते. खेड्यातील जन्ममृत्यूची वर्दी कोटवार आपल्या वहीत टिपून ठाण्यावर देत असे. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा; बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. म्हणून त्यापूर्वी जन्मलेल्यांचा दाखला नसेल, तर अमेरिकेचे अधिकारी शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे शपथपत्र असे दुय्यम पुरावे विचारात घेतात. मात्र मूळ नोंद उपलब्ध नाही, असे पत्र आपल्या कचेरीतून आणावे लागते. 'नाही' एवढेच लिहून देण्यास आपल्याकडे किती फेऱ्या लागतात, हे ज्यांनी घातल्या त्यांनाच ठाऊक.

१९७० नंतरच्यांचेही सुखाने होते असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून नोंद अमरावतीस किंवा गोंदियास. बारसे नंतर, म्हणून दाखल्यात नावाची जागा कोरी; केवळ 'मुलगा' आणि बापाचे नाव. लग्नात आईचे नाव बदललेले. दाखल्यावर 'रायपूर, मध्य प्रदेश', पासपोर्टवर 'रायपूर, छत्तीसगड'. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य बदलले, हे परक्या अधिकाऱ्यास आपणच समजवायचे. आणि वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करावयाची तर पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी वा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले आहे. आमचा सल्ला एवढाच, की घरातील तान्ह्या मुलाचे नाव दाखल्यात आजच चढवावे. अमेरिकेस जावयाचे नसले तरीही.

आमच्या परिचयातील एका घरची हकिकत सांगतो. तिकडे नागरिक झालेल्या वडील भावाने २००६ च्या आरंभी येथील धाकट्या भावासाठी अर्ज केला. भावंडांची ही रांग सर्वांत लांब. मुले तेव्हा दहा व सात वर्षांची होती आणि अर्ज चौघांचा होता. २०२४ मध्ये कागद मागविले गेले. धाकट्या भावाचा जन्म १९६६ चा, जन्मनोंद नाही. कचेरीतील पत्र मिळण्यास पाच महिने गेले. मग ऐंशी उलटलेल्या आईस शपथपत्रासाठी बसविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तारीख मला काय विचारता? पोळ्याच्या दिवशी झाला. बैल दारात उभे होते." जुने पंचांग शोधले तर पोळा शाळेच्या दाखल-खारिज पंजीतील जन्मतारखेशी जुळेना. ती तारीख १ जुलै. गुरुजींनी सोयीने घातलेली, आणि पासपोर्टवरही तीच. अखेर वकिलाने शपथपत्रात दोन्ही गोष्टी खऱ्या खऱ्या लिहिल्या आणि आजींनी मराठीत सही केली.

कागद मान्य झाले. पण मुले एव्हाना एकवीस वर्षांची मर्यादा ओलांडून गेली होती. २००२ च्या कायद्याने वयातून काही काळ वजा करण्याची सवलत दिली आहे, तीही त्यांना पुरली नाही. आता मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीस जावे ते नवराबायकोने, मुलांना आणि आजींना येथे ठेवून. वडील भाऊ दर रविवारी फोन करून विचारतात. मुलाखतीची तारीख घ्यावी की नाही, हे त्या घरात अजून ठरलेले नाही.