नाव नसलेला खेळाडू : एका व्हिडिओ गेमचा अकरा वर्षांचा वनवास

१/ अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्त्यांत २००७ च्या सुमारास ज्या घरी संगणक असे, त्या घरी दिवाळीच्या सुट्टीत मुलांचा अड्डा जमे. पडद्यावर ‘क्रिकेट ०७’ चाललेला असे. निळ्या पोशाखातला सलामीवीर कोण, हे सर्वांना ठाऊक असे. धावफलकावरचे नाव मात्र भलतेच. मग कुणीतरी सीडीवर ‘पॅच’ घेऊन येई आणि नावे दुरुस्त होत.

२/ ती छपाईची चूक नव्हती. ईए स्पोर्ट्स या अमेरिकन कंपनीकडे इंग्लंड व ऑस्ट्रेलियाच्या संघांचे हक्क होते. भारतीय संघाचे नव्हते. नाव बदलले की दावा टळतो, असा तो हिशेब. याच कंपनीच्या दुसऱ्या एका गेममध्ये हा हिशेब चुकला, आणि अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडाव्यवस्थेचा पायाच हादरला. हा धागा त्या इतिहासाचा.

३/ अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू, शिरस्त्राणे आणि अंगावर धडकणारे गडी. तेथे महाविद्यालयीन सामन्यांचे वेड व्यावसायिक सामन्यांइतकेच आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. या खेळावर एनसीएए या संस्थेचे नियंत्रण. तिचा मूळ सिद्धांत असा होता : खेळाडू हा विद्यार्थी आहे, हौशी आहे. त्याला शिष्यवृत्ती मिळेल. स्वतःच्या नावावर पैसा मिळवता येणार नाही.

४/ ईएने १९९३ मध्ये ‘बिल वॉल्श कॉलेज फुटबॉल’ आणला. पुढे हीच मालिका ‘एनसीएए फुटबॉल’ या नावाने दरवर्षी येऊ लागली. विद्यापीठांची नावे, मैदाने, रणगीते सारे खरे. खेळाडू मात्र ‘क्वार्टरबॅक, क्रमांक १५’ एवढाच. उंची, वजन, वर्णही प्रत्यक्षातल्या खेळाडूचाच. फक्त नाव गाळलेले. विद्यापीठाला हक्काचे शुल्क मिळे, कंपनीला नफा मिळे. ज्याचे शरीर पडद्यावर धावत होते, त्याला काहीच नाही.

५/ गाळलेली जागा भरली ती खेळणाऱ्यांनी. सव्वाशेच्या आसपास संघ, प्रत्येकात सुमारे सत्तर खेळाडू, म्हणजे आठ हजारांहून अधिक नावे. दरवर्षी उन्हाळ्यात हौशी लोक विद्यापीठांच्या याद्या समोर ठेवून ही नावे एकेक करून टंकित आणि तयार यादी इंटरनेटवर सर्वांना फुकट वाटत. जठारपेठेतला ‘पॅच’ आणि ही यादी, दोन्ही एकाच वृत्तीची अपत्ये.

६/ २००८ मध्ये ‘ऑनलाइन डायनॅस्टी’ ही सोय आली. बारा जणांनी बारा विद्यापीठे वाटून घ्यायची, ठरलेल्या मुदतीत आपापले सामने खेळायचे, नवे विद्यार्थी-खेळाडू आपल्या संघाकडे ओढायचे. सर्वांचे झाले की ‘कमिशनर’ आठवडा पुढे सरकवणार. एकेक स्पर्धा महिनोन्महिने चाले. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे या वेळापत्रकाने बांधली गेली.

७/ अशा मंडळींना कायदे स्वतःच करावे लागतात. या खेळात दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. चौथ्या प्रयत्नाला शहाणा संघ बहुधा चेंडू लाथाडून दूर पाठवतो. गेममध्ये मात्र दरवेळी जुगार खेळणे सोपे. म्हणून अनेक गटांनी चौथ्या प्रयत्नावर निर्बंध घातले, एकच चाल पुनःपुन्हा वापरण्यास मनाई केली, हरलेल्यावर गुणांचा डोंगर रचणे असभ्य ठरवले. आपल्याकडच्या ‘एक टप्पा आऊट’सारखेच हे. पंच नसतो, म्हणून नियम अधिक काटेकोर.

८/ आता एड ओबॅनन. १९९५ मध्ये यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा डावखुरा खेळाडू पुढे लास व्हेगासजवळ मोटारी विकत होता. एका मित्राच्या घरी मुलगा बास्केटबॉलचा गेम खेळत होता. पडद्यावर १९९५ चा यूसीएलए संघ. त्यात ३१ क्रमांकाचा, तुळतुळीत डोक्याचा, डावखुरा खेळाडू. ओबॅननने स्वतःला ओळखले. नाव तेवढे नव्हते.

९/ २००९ मध्ये दोन दावे दाखल झाले : फुटबॉलपटू सॅम केलरचा आणि ओबॅननचा. कंपनीचा युक्तिवाद होता की गेम ही कलाकृती आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. ३१ जुलै २०१३ रोजी केलरच्या दाव्यात अपील न्यायालयाने हे संरक्षण नाकारले. खेळाडूला तो जसा आहे तसाच, त्याच मैदानावर, तोच खेळ खेळताना दाखवले असेल, तर त्यात कलेने घडवलेले रूपांतर कुठे?

१०/ सप्टेंबर २०१३ मध्ये ईएने गेम थांबवल्याचे जाहीर केले. ईए व परवाना कंपनीने मिळून ४ कोटी, तर एनसीएएने २ कोटी डॉलर देऊन खेळाडूंशी तडजोड केली. ८ ऑगस्ट २०१४ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ओबॅनन खटल्यात निकाल दिला : खेळाडूंना मोबदल्यापासून दूर ठेवणारे एनसीएएचे नियम स्पर्धा कायद्याचा भंग करतात.

११/ जुलै २०१३ मध्ये आलेला ‘एनसीएए फुटबॉल १४’ हा असा अखेरचा अंक ठरला. पण तो मेला नाही. जुन्या डिस्कच्या किमती वाढत गेल्या. हौशी मंडळी दरवर्षी नव्या याद्या टंकत राहिली. ‘कॉलेज फुटबॉल रिव्हॅम्प्ड’ या विनामूल्य प्रकल्पाने पोशाख, मैदाने, संघ अद्ययावत केले. कंपनीने सोडलेला गेम खेळणाऱ्यांनी अकरा वर्षे जगवला.

१२/ येथे एक पेच आहे. समुदायाने नावे भरली ती प्रेमापोटी. पण त्याच प्रेमामुळे नाव गाळण्याची कंपनीची युक्ती इतकी वर्षे निभावली. बिननावी गेमला नावे फुकट मिळत होती, म्हणून ती विकत घेण्याची गरज कुणाला वाटली नाही. चाहत्यांच्या श्रमाने खेळाडूच्या श्रमाची चोरी झाकली गेली, हे कटू असले तरी खरे आहे.

१३/ २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावावर कमावण्याचा हक्क देणारा कायदा केला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला. १ जुलै २०२१ पासून एनसीएएनेही बंदी उठवली. १९ जुलै २०२४ रोजी ‘कॉलेज फुटबॉल २५’ बाजारात आला. प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत, असा देकार होता. दहा हजारांहून अधिक जणांनी तो स्वीकारला. ज्याने नाकारला, त्याच्या जागी काल्पनिक खेळाडू.

१४/ भारतात हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयसीसीच्या एका खटल्यात म्हटले की, प्रसिद्धीचा हक्क व्यक्तीचाच असतो, संस्थेचा नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने क्रिकेटपटूंच्या डिजिटल पत्त्यांच्या वादात अंतरिम मनाई नाकारली. खेळाडूंची नावे व आकडेवारी सार्वजनिक आहे, त्यावर मक्तेदारी नाही, अशी भूमिका घेतली. नाव खेळाडूचे, पण ते सर्वांच्या तोंडी असेल तर किती त्याचे?

१५/ अकोल्यात जन्मलेला अथर्व तायडे विदर्भाकडून खेळला, पुढे आयपीएलमध्ये पोहोचला. त्याला करार मिळाले, सल्लागार मिळू शकतात. अमरावती विद्यापीठाचा ‘कलर कोट’ मिरवणाऱ्या विद्यार्थ्याजवळ मात्र तो कोट आणि एक प्रमाणपत्र असते. उद्या त्याचा चेहरा एखाद्या गेममध्ये आला, तर त्याला कोण विचारणार?

१६/ ओबॅननच्या खटल्याने एवढे शिकवले : पडद्यावर धावणाऱ्या आकृतीमागे एक माणूस असतो, आणि नाव पुसले तरी तो माणूस पुसला जात नाही. जठारपेठेतल्या मुलांना हे कायद्यावाचूनच कळले होते. भलते नाव त्यांना खपत नव्हते. सचिनचा फटका सचिनच्याच नावावर लागला पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.