दही, जठराग्नी आणि ऋतू

आपल्या आहारात दह्याचे स्थान फार प्राचीन आहे. ऋग्वेदकाळी सोमरसात दही मिसळीत असत. पुढे मधुपर्कात दही व मध अर्पण करून अतिथीचा सत्कार होऊ लागला. आजही जन्माष्टमीच्या काल्यात आणि शुभकार्यास निघताना हातावर घातलेल्या दह्यात ती परंपरा जिवंत आहे. तथापि, पदार्थ पवित्र म्हणून तो सदैव पथ्यकर, असे आयुर्वेदाने कधी मानले नाही. त्याने दह्याचे गुणही सांगितले व दोषही दाखविले.

चरकसंहितेत दह्याला रुची उत्पन्न करणारे, अग्नी प्रदीप्त करणारे, बल वाढविणारे व वातशामक म्हटले आहे. अरुची, कृशता आणि अतिसार यांत ते उपयुक्त मानले आहे. परंतु ते पचण्यास जड, विपाकी आंबट आणि वीर्याने उष्ण आहे. दही थंड असते, हा लोकसमज शास्त्राला मान्य नाही. ते कफ व पित्त वाढविते म्हणून त्याच्या सेवनास नियम घातले गेले. रात्री दही खाऊ नये. ते तापवून खाऊ नये. तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड त्याला द्यावी. अष्टांगहृदयकार वाग्भटाने ते नित्य खाण्याचाही निषेध केला आहे. अर्धवट विरजलेले दही तर तिन्ही दोषांना कारण होते. या सर्व नियमांमागे एकच विचार आहे, तो जठराग्नीचा. अन्न कितीही उत्तम असो, ते पचविण्याचे सामर्थ्य अग्नीत नसेल तर त्याचे पोषण न होता आम होतो.

दही घुसळून लोणी काढले की त्याचा स्वभावच पालटतो. ताक हलके, दीपक व ग्राही होते. म्हणून मूळव्याध व ग्रहणी या विकारांत वैद्यांनी त्याची थोरवी गायिली. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तर पाण्याच्या व सायीच्या प्रमाणावरून घोल, मथित, तक्र, उदश्वित् व छच्छिका असे पाच प्रकार सांगितले आहेत. मात्र उष्णकाळी ताकही देऊ नये, असे सुश्रुताचे मत आहे.

येथे आपणा मॉरिशसवासी मराठी जनांपुढे एक प्रश्न उभा राहतो. चरकाने शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत दही बहुधा निषिद्ध मानले आहे. हे ऋतू भरतखंडातील सूर्यगतीवरून ठरले आहेत. कोकणातून मुंबई बंदरामार्गे आपले पूर्वज ज्या बेटावर आले, ते विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. पाठ्यपुस्तकात ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म असे आम्ही शिक्षक मुलांना शिकवितो. पण तेव्हा येथे थंडी असते. मार्गशीर्ष-पौष म्हणजे हेमंत, आणि त्याच वेळी येथे उकाडा, पाऊस व वादळांचे दिवस येतात. केवळ महिन्यांची नावे पाहून पथ्य पाळणारा मनुष्य येथे नेमके उलटे आचरण करील.

मग शास्त्र चुकले काय? मुळीच नाही. थंडीत अग्नी प्रबळ असतो आणि उन्हाळ्यात मंदावतो, हे त्याचे मूळ तत्त्व येथेही लागू पडते. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये दुपारच्या भाताबरोबर ताजे, नीट विरजलेले दही घेणे शास्त्राच्या आशयाला धरून आहे. डिसेंबर ते मार्चमध्ये हात आखडता घ्यावा. घेतलेच तर थोडे व साखरेसह घ्यावे. कोणास विकार असेल त्याने वैद्याचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे ओघानेच आले.

आधुनिक विज्ञानानेही या विषयाची दखल घेतली. १९०५ साली बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी तेथील दह्यातील जंतू शोधून काढला. पुढे मेचनिकॉव्ह यांनी अशा दह्याचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. त्यांचे ते अनुमान पुढे जसेच्या तसे टिकले नाही. परंतु विरजणातील जंतू दुधातील शर्करेचा काही भाग आंबवून टाकतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही सोसते, एवढे निश्चित झाले आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून गिरमिटियांची पहिली तुकडी पोर्ट लुईस येथे उतरली, आणि त्यानंतरच्या अनेक तुकड्यांत आपले पूर्वजही आले. त्यांच्या शिध्यात तांदूळ व डाळ होती, दही नव्हते. पुढे मळ्यांच्या वस्त्यांत लोकांनी उसाच्या वाढ्यांवर गाई पोसल्या, तेव्हा कोठे घरोघर विरजण लागले. आज या देशात दुधाची भुकटीच अधिक येते, आणि दही डबीतून विकत मिळते. काळ बदलतो, त्याला इलाज नाही. पण नियम पाठ करून त्यामागील कारण विसरलो, तर पूर्वजांच्या ज्ञानाचे केवळ टरफल आपल्या हाती राहील. पुढच्या पिढीला आपण ‘रात्री दही खाऊ नये’ एवढेच न सांगता ते का, हेही सांगितले पाहिजे. कारण कळले की कोणत्याही भूमीवर नियम कसा पाळावा हे मनुष्याला आपोआप उमजते.