चोरांची कॅसेट की हौशींची?

निन्टेंडो डीएस हा गेम कन्सोल २००४ साली आला, आणि त्यात स्वतःचा प्रोग्रॅम चालवायची कंपनीने सोय ठेवली नव्हती. ती वाट फ्लॅश कार्ट्रिजने (आपल्याकडच्या जुन्या भाषेत, कॅसेटने) करून दिली. ‘आर४’सारखी कार्डं खपली ती मुख्यतः फुकटच्या गेमांसाठी, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यावरून हौशी प्रोग्रॅमरांना निव्वळ सबब ठरवणं चूक आहे. पुरावा ‘डीएलडीआय’ या ड्रायव्हर-पद्धतीचा. आधी प्रत्येक कार्डाची मेमरी वाचायची रीत निराळी, म्हणून एकच प्रोग्रॅम कार्डागणिक वेगळा बांधावा लागे. डीएलडीआयने कार्डाचा ड्रायव्हर तयार प्रोग्रॅममध्ये मागाहून बसवता येऊ लागला. चोरीच्या गेमांना याची गरजच नव्हती. त्यांची सोय कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर करी. म्हणजे ही खटपट हौशींनी हौशींसाठीच केली, आणि कार्ड निवडताना ‘याचा ड्रायव्हर आहे का?’ हा प्रश्न खरा ठरला.

यावर कोणी न्यायालयांकडे बोट दाखवील: टोकियोत २००९ मध्ये अशा कार्डांच्या विक्रीवर बंदी आली, लंडनच्या न्यायालयाने २०१० मध्ये हौशी वापराचा बचाव फेटाळला. खरंय. पण लंडनचा निकाल कन्सोलचं नक्कलविरोधी कुलूप तोडणारं साधन विकण्याबद्दल होता. कायदेशीर वापर शक्य असला तरी विक्रेता सुटत नाही, एवढंच त्याने ठरवलं. तसा वापर होतच नव्हता, असं नव्हे.