सौरवादळ, कुलाब्याची नोंदवही आणि सोलापूरची वीजवाहिनी

पृथ्वीभोवतीचे अवकाश वरवर रिते भासत असले, तरी सूर्यापासून निघणाऱ्या विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे सौरवारा, त्यातून अखंड वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याला बहुतांशी थोपवून धरते. मात्र सूर्यावर प्रचंड उद्रेक होऊन त्यातील द्रव्य पृथ्वीच्या दिशेने आले, की हे क्षेत्र डळमळते. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात.

कुलाब्याच्या नोंदी

ज्ञात इतिहासातील अशा सर्वांत तीव्र वादळांपैकी एक १८५९ साली झाले. १ सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावरील तेजस्वी ज्वाला पाहिली आणि सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. युरोपातील काही उपकरणांच्या नोंदी मोजपट्टीबाहेर गेल्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र वेध डोळ्यांनी घेऊन वहीत उतरवले जात असत. २ सप्टेंबरच्या सकाळी चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळपास ४ टक्क्यांनी घसरल्याचे या नोंदी सांगतात. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लाखिना व सहकाऱ्यांनी याच नोंदींच्या आधारे त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला.

बाळशास्त्री जांभेकर व केरूनाना छत्रे यांचाही या वेधशाळेशी संबंध होता. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, हे स्पष्ट झाले. त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडले असते. म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तेथे १९०४ पासून वेध घेतले जात आहेत.

सोलापूरचा संबंध

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी समकालिक झाले. भूचुंबकीय वादळात जमिनीत प्रवाह उत्पन्न होतात व ते लांब वाहिन्यांतून रोहित्रांत शिरतात. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्विबेक प्रांतात अशाच वादळाने सुमारे ६० लाख लोक कित्येक तास अंधारात राहिले. क्विबेक ध्रुवीय प्रदेशाच्या जवळ आहे, तर सोलापूर चुंबकीय विषुववृत्ताजवळ. त्यामुळे येथे धोका पुष्कळ कमी. पण १८५९ चे वादळ मुंबईतही इतके तीव्र होते, हे विसरता येत नाही. शिवाय आयनांबर क्षुब्ध झाल्यास जीपीएसची अचूकता घटते.

इशाऱ्याचा अवधी

उद्रेक दुर्बिणींतून आधी दिसतो. तथापि, झोतातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असले तरच वादळ उग्र होते, आणि ती दिशा झोत यानापर्यंत पोहोचल्यावरच खात्रीने मोजता येते. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेले ‘आदित्य-एल१’ पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सामान्य सौरवाऱ्याला तेथून पृथ्वी गाठण्यास तासभर लागतो. कॅरिंग्टन वादळाच्या सरासरी वेगाने हे अंतर जेमतेम ११ मिनिटांत कापले जाईल. वीजजाळे सांभाळणाऱ्यांच्या हाती खात्रीचा इशारा मिळाल्यानंतर तेवढाच वेळ उरेल. म्हणूनच कोणती उपकरणे केव्हा वेगळी करायची, याचा आराखडा शांततेच्या काळातच सिद्ध असावा लागतो.