तळ : पालखीचा, गाडीचा आणि दुचाकीचा

आषाढी एकादशी होऊन पंधरा दिवस लोटले की हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव या गावी परतवारी भरते. पंढरपूरहून परतलेले वारकरी कयाधूकाठच्या या गावी नामदेवांच्या जन्मस्थानाचे दर्शन घेतात आणि त्यानंतरच वारी पुरी झाली असे मानतात. पायी येणाऱ्यांच्या बरोबरीने आता मोटारसायकलवरून येणारेही पुष्कळ असतात. एका गाडीवर नवरा, बायको, मध्ये मूल आणि हँडलला अडकवलेली पिशवी. दर्शनाला जायचे तर गाडी कुठेतरी लावली पाहिजे. ती मग रस्त्याच्या कडेला लागते. कडा संपली की दुकानाच्या पायरीशी लागते, आणि पायरीही भरली की चालणाऱ्याच्या वाटेत उभी राहते. ज्या संताने पायी पंजाबपर्यंत मजल मारली असे परंपरा सांगते, त्याच्या गावात पायी येणाऱ्यालाच अंग चोरून चालावे लागते.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. वाहतूक हा आमचा विषय नव्हे. पण शब्द हा आमचा विषय आहे, आणि शहरोशहरी निळ्या पाट्यांवर लिहिलेला ‘दुचाकी वाहनतळ’ हा शब्द आम्हाला बरेच दिवस थांबवून धरतो आहे. त्यातला ‘तळ’ फार जुना. सैन्य तळ ठोकते, पालखी तळावर उतरते, नको असलेला पाहुणा तळ देऊन बसतो. हिंगोलीकरांना तर या शब्दाची ओळख करून द्यायला नको. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटची छावणी याच गावी होती आणि १९०३ मध्ये ती पलटण मोडेपर्यंत गावाचा दिनक्रम लष्कराच्या तळाभोवती फिरत होता. या सगळ्या वापरांत एक गोष्ट समान दिसते. तळ म्हणजे येणाऱ्याला दिलेली जागा. मात्र तो जाणार आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. सैन्य हलते, पालखी पहाटे निघते. नको असलेल्या पाहुण्याची थट्टा आपण करतो तीही तो हलत नाही म्हणूनच. आमच्या मते दुचाकींच्या वाहनतळाचा सगळा इतिहास या एका अटीभोवती वाचता येतो.

बैलगाडीच्या काळात ही अट आपोआप पाळली जाई. बाजाराच्या गावी शेतकऱ्यांच्या गाड्या जिथे सुटत तो गाडीतळ. पुण्याजवळच्या हडपसरला ही जागा आज केवळ नावाने उरली आहे. तिथल्या बसथांब्याचे आणि चौकाचे नाव अजून ‘गाडीतळ’च आहे, आणि दरवर्षी ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पालख्यांच्या वाटा तिथूनच वेगळ्या होतात. गाडीतळावर बैल सोडले जात, वैरण टाकली जाई, आणि बाजार उठला की तळही उठे. बैलाला घरी नेऊन बांधावेच लागते. रस्त्याच्या कडेला त्याला महिनाभर विसरून जाता येत नाही. टांग्याचेही तसेच. मुंबई इलाख्यात भाड्याच्या घोडागाड्यांसाठी १९२० चा स्वतंत्र कायदा होता. टांग्याला परवाना लागे, आणि कुठे उभे राहायचे हे टांगेवाल्याच्या मर्जीवर सोडलेले नसे.

याची एक खूण आजही आपल्या कायद्यात जिवंत आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात पंचायतीला जे कर आणि ज्या फिया बसवता येतात, त्यांच्या यादीत बाजाराच्या फीबरोबर गाड्यांच्या व टांग्यांच्या तळांवरील फी आहे. यात्रेकरूंवरील करही आहे. म्हणजे रस्त्यावरची उभे राहण्याची जागा सर्वांच्या मालकीची असून तिचा वापर करणाऱ्याने काही मोजावे, ही कल्पना आपल्याकडे परदेशी तज्ज्ञांनी आणलेली नाही. ती बैलगाडीइतकी जुनी आहे.

पुढे सायकल आली. तिच्या मालकाने नगरपालिकेला वार्षिक कर भरावा आणि पितळी बिल्ला गाडीला लावावा, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होती. चित्रपटगृहापाशी, मंडईपाशी, कचेरीपाशी सायकल स्टँड असे. तिथला माणूस क्रमांकाचा तुकडा हातात देई आणि तसाच दुसरा सायकलीला अडकवी. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या दिवसांत हा स्टँडवाला शहराच्या अर्थव्यवहारातला एक छोटा पण मानाचा माणूस होता. सायकल त्याच्या हवाली करावी, दोन-चार पैसे द्यावेत आणि खेळ सुटला की घेऊन जावी. जागा, मोबदला आणि मुदत या तिन्ही गोष्टी त्या पत्र्याच्या तुकड्यात सामावलेल्या होत्या.

हे गणित मोडले ते इंजिनाने. साठच्या दशकात इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या परवान्यावर बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. त्याच वर्षी कायनेटिकची ‘लूना’ आली आणि सायकलवर पाय मारणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला, शिकवणीला जाणाऱ्या मुलीला पहिल्यांदा पेट्रोलचा वेग परवडू लागला. चेतकसाठी मात्र नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज हे खरे वाटत नाही. पण त्या प्रतीक्षायादीनेच शहरांना काही काळ वाचवले होते. गाड्या कमी, म्हणून त्या लावण्याचा प्रश्नही कमी. १९८५ मध्ये एकीकडे औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा दुसरा कारखाना सुरू झाला, दुसरीकडे हीरो होंडाची कमी पेट्रोल पिणारी ‘सीडी १००’ बाजारात आली, आणि पुढे १९९४ मध्ये ‘स्प्लेंडर’ आली. वाट पाहण्याचे दिवस संपले. २००१ च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम १२ टक्के घरांत दुचाकी होती. २०११ मध्ये हे प्रमाण २१ टक्के झाले.

या आकड्यांमागे जो माणूस आहे त्याच्याविषयी आम्हाला आस्था आहे, हे आधीच सांगितले पाहिजे. मराठवाड्यात मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. एसटीची फेरी दिवसातून दोनदा येत असेल तर दवाखाना, महाविद्यालय, बँक आणि हिंगोलीचा हळदीचा बाजार यांच्यापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नसतो. आमच्या वर्गात बसणारी निम्मी मुले तिच्यामुळे वर्गात आहेत. तेव्हा दुचाकीला जागा द्यावी की नाही, असा प्रश्नच नाही. ती कोणाकडून काढून द्यावी, हा प्रश्न आहे.

रस्त्याची कडा दिसते तितकी बेवारस नसते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे वाहने कुठे आणि किती वेळ उभी राहावीत हे राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते, आणि तसे ठरवताना स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करते. व्यवहारात पाटी लावायची पालिकेने, अधिसूचना काढायची वाहतूक पोलिसांनी, आणि गाडी उचलायची कोणी यावर दोघांनी वाद घालायचा, असे चित्र दिसते. कायद्यातला ‘किती वेळ’ हा शब्द मात्र पाटीवर क्वचितच उतरतो. त्याचे एकच सोपे रूप आपल्याकडे रुजले : सम तारखेला एक बाजू, विषम तारखेला दुसरी. पुण्याच्या पेठांतून ‘पी १’ आणि ‘पी २’ या पाट्यांचा अर्थ लहान मुलांनाही कळतो. ही योजना अरुंद रस्त्यासाठी काढलेली. पण आम्हाला तीत जुन्या तळाची आठवण दिसते. निदान मध्यरात्री तरी गाडीला उठावे लागते.

पुण्याचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण दुचाकीचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे तिथे उभा राहिला. २०१८ मध्ये शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली. लोकसंख्येपेक्षा वाहने अधिक झाल्याची चर्चा झाली. त्यातल्या दर चार वाहनांपैकी सुमारे तीन दुचाकी होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने वाहनतळ धोरण मंजूर केले, तेही विरोधामुळे पाच रस्त्यांपुरते आणि प्रायोगिक तत्त्वावर. रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत हे त्याचे सूत्र. केंद्र सरकारच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातही तेच सूत्र होते : व्यापलेल्या जमिनीच्या खऱ्या किमतीशी वाहनतळाच्या शुल्काचे नाते असावे. पण दुचाकीस्वाराला पैसे मागायचे म्हटल्याबरोबर सभागृहात आणि रस्त्यावर जो गदारोळ झाला, त्यात हे सूत्र वाहून गेले.

हा संताप केवळ पुणेरी नव्हता. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या पालिकेने ऑगस्ट २००८ मध्ये मोटारसायकलींसाठी आखलेल्या जागांवर दिवसाला दीड पौंड आकारायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या स्वारांनी मोर्चे काढले आणि प्रकरण न्यायालयात नेले. तिथे ते हरले. आमची गाडी मोटारीच्या मानाने किती थोडी जागा घेते, मग आम्हालाच शिक्षा का, हा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. एका मोटारीच्या जागेत पाच-सहा दुचाकी सहज उभ्या राहतात. म्हणूनच पालिकेने कडेची पट्टी दुचाकींसाठी राखली की निदान अंकगणिताच्या दृष्टीने न्याय होतो. तेवढ्याच रस्त्यावर पाच-सहापट माणसे पोचतात. मोटारीला फुकट आणि दुचाकीला दाम, अशी व्यवस्था कोणी केली तर ती निव्वळ अन्यायाची ठरेल.

परंतु अंकगणित इथे संपत नाही. त्याच पट्टीवर आणखी तिघांचा हक्क आहे. पहिला चालणाऱ्याचा. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. पण कितीतरी ठिकाणी पदपथाची कड उतरती केली की दुचाकीला वर चढायला वाटच मिळते. दुसरा पथविक्रेत्याचा. २०१४ च्या कायद्याने त्याच्या उपजीविकेला संरक्षण दिले आणि विक्रीची क्षेत्रे आखायला सांगितली. म्हणजे भाजीवालीची चौकट आणि दुचाकीची चौकट एकाच फुटाच्या जागेसाठी भांडतात, आणि या भांडणात बहुधा भाजीवाली उठते, कारण तिला हात धरून उठवता येते आणि कुलूप लावलेल्या गाडीला येत नाही. तिसरा हक्क सायकलीचा. जिच्यासाठी स्टँड हा शब्द आपण घेतला, तिला आज त्या पाटीवर नाव नाही.

इथे तळाची ती जुनी अट पुन्हा आठवते. पांढऱ्या रंगाने रस्त्यावर चौकट आखणे सोपे असते. तिच्यात मुदत आणि मोबदला नसेल, तर तिथे तळ पडत नाही, वसाहत होते. सकाळी नऊला दुकानदार आणि त्याचे नोकर स्वतःच्या गाड्या चौकटीत लावतात, रात्री काढतात, आणि ज्या गिऱ्हाइकासाठी ती आखली तो दिवसभर चकरा मारतो. असे कितीतरी बाजारपेठांतून रोज घडते. ज्याला अर्धा तास हवा त्याला फुकट आणि ज्याला दिवसभर हवी त्याला पैसे, इतका साधा नियम पुरेसा ठरला असता. त्याने गरीब दुचाकीस्वारावर भार पडत नाही; भार पडतो तो न हलणाऱ्या पाहुण्यावर.

नरसीसारख्या गावाला हे सगळे दूरचे वाटू नये. महानगराने जी चूक लाखो गाड्यांवर केली ती गावाला शेकडो गाड्यांवर टाळता येते. ग्रामसभेने ठरवले तर परतवारीच्या दिवशी वेशीबाहेर दुचाकींचा तळ करता येईल, माफक फी घेता येईल, जुन्या सायकल स्टँडसारखा क्रमांकाचा तुकडा देता येईल, आणि त्या पैशात दोन तरुणांना दिवसभराचे काम मिळेल. त्यासाठी नवा कायदाही लागत नाही; १९५८ च्या यादीतला ‘गाडी’ हा शब्द थोडा सैल करून वाचायचा इतकेच. वेशीपासून मंदिरापर्यंतची वाट मग पायांसाठी मोकळी राहील. मोटारसायकलवरून आलेलाही तेवढे अंतर चालून जाईल, आणि तेवढ्यापुरता का होईना, तोही वारकरी होईल.